संपादक महाशय

"लिही," आजोबा म्हणाले. "'संपादक महाशय, चोरवाटेने देशात शिरलेल्यांना पायबंद घातलाच पाहिजे.' झालं?"

"घातलाच पाहिजे," ती लिहिता लिहिता म्हणाली. मान वर केली नाही.

ती स्वतः चोरवाटेनेच आलेली, ट्रकमध्ये बटाट्याच्या पोत्यांमागे लपून. चार वर्षं ती या घरी कामाला राहून आजोबांना उठवत, भरवत, फिरवत होती. त्यांनी तीस वर्षं परदेशी लोकांना राहण्याचे परवाने देणाऱ्या खात्यात काढलेली. तिची कागदपत्रं त्यांनी कधी मागितली नाहीत, आणि तो विषय निघू नये म्हणून ती जीव मुठीत धरून वावरायची.

गेल्या वर्षी सरकारने नियम काढला. अशा लोकांनी इथल्या भाषेची लेखी परीक्षा द्यायची. पास झाले तर परवाना, मुलांनाही आणता येईल. नापास झाले तर परत पाठवणी. तिची दहा वर्षांची मुलगी तिकडे आजीकडे होती. रोज फोनवर विचारायची, "कधी नेणार?" पण फॉर्म भरायचा तिला धीर होत नव्हता. आपण कसल्या पास होतोय!

नियम निघाला तसा आजोबांचा पारा चढला. तेव्हापासून रोज दुपारी एक पत्र. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून लिहायचं हिने.

"खाडाखोड नको. पुन्हा लिही."

म्हातारा भारी खट. एका ओळीसाठी अख्खं पान फाडायला लावायचा. एवढं करून एकही पत्र छापून आलं नव्हतं.

"संपादक भित्रा आहे," ते म्हणायचे. दर रविवारी त्यांची लेक, शाळेतली मास्तरीण, पोस्टात टाकते म्हणून गठ्ठा घेऊन जायची.

आज मात्र त्यांना वेगळीच लहर आली.

"आता या पत्राला उत्तर लिही. तुझ्या मनाने. पाऊण तास देतो."

"मला काय कळतंय त्यातलं, आजोबा?"

"घड्याळ लावलंय."

आधी पेन अडलं. मग तिला राग आला, वर्षभराचा साठलेला. 'आमच्यामुळे दवाखान्यातली रांग वाढते, खरं आहे. पण त्या रांगेत तुमच्या वडिलांची खुर्ची ढकलत आम्हीच उभ्या असतो.' दोन पानं भरली. मग तिचं लक्ष त्या 'आम्ही'कडे गेलं. आपलं गुपित आपणच लिहून दिलं! ती पानं फाडणार, तोच आजोबांनी ती ओढून घेतली.

"रविवारी जाईल," ते एवढंच म्हणाले.

रविवारी गठ्ठा गेला. बुधवारी बेल वाजली तेव्हा तिची पिशवी भरून दारामागे तयार होती. खात्याचे लोकच असणार. पण दारात आजोबांची लेक होती, हातात मोठं खोकं. तिने ते टेबलावर उपडं केलं.

वर्षभराची सगळी पत्रं. एकही पोस्टात गेलं नव्हतं. प्रत्येकावर लाल शाईच्या खुणा. पहिल्यावर शंभरपैकी अकरा, तिच्या त्या उत्तरावर शंभरपैकी ब्याण्णव.

सगळ्यात वर परीक्षेचा फॉर्म होता, थरथरत्या अक्षरात भरलेला. 'सोबत कोण राहणार?' या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी, वय दहा.