बेरीज बरोबर

पंच मोठे काटेकोर गृहस्थ. सेकंद इकडचा तिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते बुद्धिबळाची डिजिटल घड्याळं घरीच तपासत. दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटं लावायची, डावी बाजू चालू करायची आणि खोलीबाहेर पडायचं. वीस मिनिटांनी डावीकडे दहा उरली पाहिजेत, उजवीकडे तीसच्या तीस.

एका घड्याळात डावीकडे अठरा उरली होती, उजवीकडे बावीस.

त्यांनी बेरीज केली. चाळीस. म्हणजे घड्याळ अचूक होतं. फक्त मधल्या वेळात कुणीतरी दोन्हीकडच्या कळा आळीपाळीने दाबत होतं.

"आत गेली होतीस?"

"मला दुसरी कामं नाहीत वाटतं?" बायको म्हणाली. "वेळ बरोबर आहे ना? मग कशाला जिवाला घोर लावून घेताय?"

आता त्यांनी पाच-पाच मिनिटं लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून बाहेर बसले.

आतून आवाज आला, टक्. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. विचार करून दाबल्यासारखं.

बरोबर नऊ मिनिटांनी त्यांनी दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. डावीकडे एकोणपन्नास सेकंद थांबलेले होते. उजवीकडे अकरा, आणि ते पळत होते. दहा. नऊ.

शून्य होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांना सुचलं. उजव्या खुर्चीत बसून त्यांनी कळ दाबली.

उजवीकडचे आकडे चारवर थांबले. डावीकडचे पळू लागले.

समोरच्याने दोनच सेकंद विचार केला.

टक्.