उणे अठरा

फ्रीजरमधल्या खोबऱ्याला शरयूताईंनी बोट लावलं. चिकट लागलं, वासही आंबूस.

"अहो, फ्रीजर गार करत नाहीये. आज संकष्टी, मोदक करायचेत. मेकॅनिकला बोलवा."

नवऱ्याने दारावरच्या तापमानाच्या आकड्यावर बोट आपटलं. "उणे अठरा! मशीन खोटं बोलतंय? हाताला काय कळतं?"

शरयूताई फ्रीजरचं दार सताड उघडं टाकून जपाला बसल्या. माळ पूर्ण झाली तरी आकडा उणे अठराच.

"सेन्सर गेलाय हो," त्या हळूच म्हणाल्या.

"तुझी अक्कल गेलीय. त्याच खोबऱ्याचे मोदक कर, मी खाऊन दाखवतो!"

नवऱ्याचा शब्द मोडणं त्यांच्या नेमात बसत नव्हतं. बाप्पासाठी त्यांनी ताजा नारळ फोडला, यजमानांसाठी तेच खोबरं गुळात परतलं. त्यांना स्वतःला उपवास होता. दुपारी यजमानांनी ताटभर मोदक हाणले आणि "फर्स्ट क्लास!" म्हणून ढेकर दिला.

चंद्रोदयाला ते पोट धरून कण्हत होते. "अगं, ताप भरलाय. कपाळाला हात लावून बघ!"

"हाताला काय कळतं?" शरयूताई मऊ आवाजात म्हणाल्या. "थांबा हं, चंद्राला अर्घ्य देऊन थर्मामीटर आणते."