जत्रेपर्यंत अबोला

“हरलास तर माझा फुलाफुलांचा झगा घालून नाचायचं. भर जत्रेत, चर्चपुढच्या मैदानात,” खानावळवाली लुदिंग म्हणाली.

“आणि तू हरलीस तर माझी हाफपँट घालून,” कार्पियो न्हावी म्हणाला.

“तुझी हाफपँट माझ्या एका दंडाला पुरायची नाही, मेल्या.”

पैज लागली. सान रोके संताची जत्रा बारा दिवसांवर होती. जत्रेच्या दिवशी दुपारी बाराची घंटा होण्याआधी म्हातारी फेर्मिना आपल्या मुलाशी एक तरी शब्द बोलेल, असं कार्पियोचं म्हणणं. शिवी घातली तरी धरायची. लुदिंगचं म्हणणं, म्हातारी मरेल पण बोलायची नाही.

तो मुलगा, एलिसेओ, तिथंच बाकावर भात खात बसला होता. बेचाळीस वर्षांचा, तीनचाकी चालवणारा.

“माझ्या आईवर पैज लावताय. निदान माझं जेवण होईपर्यंत तरी थांबा.”

“गप जेव. डुकराच्या रक्ताचं कालवण वाढू?” लुदिंगने विचारलं.

“नको.”

“सोडलास ना धर्म? चौदा महिने झाले की.”

“मी सोडला, ताई. पोटाला अजून कळवलेलं नाही.”

एलिसेओ शुभ्र सभा नावाच्या कडक पंथात जन्मला, तिथंच वाढला. डुक्कर नाही, बिअर नाही, नाच नाही, जत्रेकडे तर बघायचंही नाही. सभागृहाच्या दारात एका फळीवर प्रत्येकाच्या नावाची पाटी टांगलेली असायची. नाव कापायचं म्हणजे शनिवारी ती पाटी काढायची आणि त्या माणसाच्या उंबऱ्यावर गुपचूप ठेवून यायची. बाकीच्यांनी रिकामा खिळा बघायचा आणि त्या दिवसापासून तोंड फिरवायचं. कोणाचं गेलं, का गेलं, बोलायचं नाही. नाव कापलेल्याशी सभेतलं कोणी बोलताना दिसलं, की पुढच्या शनिवारी त्याचाही खिळा रिकामा.

एलिसेओ सलग चार शनिवार गेला नाही. पाचव्या शनिवारी पाटी दारात. सोमवारी तो बऱ्याच दिवसांनी बाजारात गेला, तर आईने तोंड फिरवलं.

तेव्हापासून असंच. फेर्मिना नदीपलीकडच्या बाजारात सुकी मासळी विकायची. घोट्यापर्यंत झगा, जन्मात कात्री न लागलेले केस, अंबाडा. एलिसेओ रोज सकाळी तिच्या दुकानासमोर गाडी लावून पाच मिनिटं थांबायचा. अंगात पांढरा शर्ट, कारण दुसऱ्या रंगाचा त्याच्याकडे नव्हताच. तो काही बोलायचा नाही. ती पाठ करून मासे लावत बसायची.

कार्पियोने पैज मनावर घेतली. तिसऱ्या दिवशी तो म्हातारीच्या दुकानापुढे जाऊन चक्कर आल्यासारखा धाडकन पडला. आजूबाजूला गाडी एकच, एलिसेओची. आता तरी म्हातारी पोराला हाक मारेल, असा त्याचा हिशोब. म्हातारीने मासळीच्या टोपल्या धुतलेल्या पाण्याची बादली उचलली आणि त्याच्या तोंडावर ओतली.

“बरं वाटतंय का?”

“वाटतंय, मावशी,” कार्पियो थुंकत उठला. “अहो, तो पोरगा रोज येऊन उभा राहतो. एक शब्द टाकला तर जीभ झडेल का तुमची?”

फेर्मिनाने डावीउजवीकडे बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

“त्याला सांग, लांब उभा राहत जा. कोणी बघितलं तर जन्माचं वाटोळं होईल.”

कार्पियोने जसंच्या तसं येऊन सांगितलं. अंगाला मासळीचा वास तसाच. एलिसेओ हसला नाही.

“बरोबर आहे तिचं,” तो म्हणाला. “त्र्याहत्तर वर्षांची आहे. पडली-झडली तर सभेतल्याच बायका बघणार. माझ्यामुळे तिचं नाव गेलं तर तिला पाणी द्यायला कोण आहे?”

“तू आहेस की.”

“मी म्हणजे चाळीस बायका नव्हेत, दादा.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडी बर्फाच्या कारखान्याच्या कोपऱ्यावर लावली. तिथून फक्त अंबाडा दिसायचा.

जत्रा आली. मागच्या वर्षी एलिसेओ जत्रेच्या दिवशी खिडक्या लावून घरात बसला होता, सवय. यंदा लुदिंग त्याला हाताला धरून घेऊन आली. “तुझ्यापायी हा माणूस झगा घालणार, आणि तू बघायला नाही? चल.”

बाराची घंटा झाली. लुदिंगने पिशवीतून झगा काढला. कार्पियोने तो डोक्यातून घातला, छातीशी दोन नारळ कोंबले आणि बँडवाल्यांना खूण केली. मैदानात गर्दी लोटली. कार्पियोने अशी कंबर हलवली की एक नारळ निसटून पाद्रीबाबांच्या पायाशी गेला.

एलिसेओच्या हातात कोणीतरी बिअरची बाटली दिली होती. आयुष्यातली पहिली. तो इतका हसत होता की अर्धी शर्टावर सांडली.

समोरच्या बाजूला एक बाई त्याहून मोठ्याने हसत होती. झगा घोट्यापर्यंत, केसांचा अंबाडा, हातात पानावर वाढलेलं डुकराचं कालवण, ओठांना रस्सा.

दोघांनी एकमेकांना बघितलं.

म्हातारीने पान पाठीमागे लपवलं. एलिसेओने बाटली पाठीमागे लपवली.

मग ती मैदान ओलांडून आली, नाचणाऱ्या कार्पियोला हाताने बाजूला सारून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“पोरा, तू जा इथून. माझ्याजवळ दिसलास तर तुझं नाव कापतील.”

“माझं?” एलिसेओ म्हणाला. “आई, माझं कापून चौदा महिने झाले.”

“बोलली!” कार्पियो ओरडला. “लुदिंग, बोलली!”

“घंटा होऊन गेली. नाच,” लुदिंग म्हणाली.

कार्पियो नाचायला लागला. पाठीमागे धरलेल्या पानातला रस्सा फेर्मिनाच्या टाचेवर गळत होता.

“चौदा?” ती म्हणाली. “माझं त्याच्या आदल्या शनिवारी कापलं.”