थंड पिपेट

"पिपेट दे," हर्षद म्हणाला आणि मान न वळवता त्याने हात मागे केला.

संघमित्राच्या डाव्या हाताला ओव्हन होता. त्यात तिने सकाळीच सहा पिपेट्स, द्रावण ओढून घ्यायच्या काचेच्या नळ्या, गरम करत ठेवल्या होत्या. उजव्या हाताच्या ट्रेमध्ये धुऊन पुसलेल्या सहा होत्या, एसीत पडून गार झालेल्या.

"कुठली देऊ, सर?" तिने जरा मोठ्यानेच विचारलं. "ओव्हनमधली की ट्रेमधली?"

"ओव्हनची नाटकं बंद कर म्हणून सांगितलंय ना तुला? ट्रेमधली दे, चल."

टेबलापलीकडे रत्नप्रभा सावंत उभ्या होत्या. क्रीम बनवणाऱ्या कंपनीच्या त्या केमिस्ट. मुलुंडच्या या प्रयोगशाळेत आपलं काम नेमकं होतं कसं, ते आज स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आल्या होत्या.

काम तसं साधं. क्रीम टिकावं म्हणून त्यात मिथाइल पॅराबेन नावाची पांढरी पूड घालतात. पन्नास अंशांच्या इथेनॉलमध्ये ती जास्तीत जास्त किती विरघळते, ते मोजायचं. चहात साखर घालत गेलं की एक वेळ अशी येते, पुढचा चमचा तळाशीच बसून राहतो. तसंच हे. पन्नास अंशांच्या पाण्यात ठेवून रात्रभर हलवलेल्या बाटलीच्या तळाशी पूड उरली, की वरच्या द्रावणाचं पोट भरलं असं समजायचं. मग ते वरचं निवळ द्रावण पिपेटने उचलायचं, तोलायचं, सुकवायचं आणि मागे उरलेली पूड पुन्हा तोलायची.

दोन महिन्यांपूर्वी हे संघमित्राने मोजलं होतं. हर्षदला तिचा आकडा फार वाटला. त्याने स्वतः घाईघाईत पुन्हा मोजलं, कमी आलेला आकडा कंपनीला पाठवला आणि खाली टीप लिहिली की विश्लेषक संघमित्रा जाधव यांनी काचसामान नीट धुतलं नव्हतं. त्या दिवसापासून ती बेसिनपाशी काच धूत होती. "गोवंडीत पाणी कमी येतं ना, म्हणून धुताना हात आखडतो हिचा," असं तो जेवणाच्या टेबलावर म्हणाला होता. सगळे हसले होते. ती डबा बंद करून उठली होती.

मग कंपनीने दुसऱ्या प्रयोगशाळेतून मोजून घेतलं. आकडा संघमित्राच्या आकड्याला जाऊन भिडला.

आज तिने गरम पिपेट दिली असती तर आकडा बरोबर आला असता. आणि हर्षद म्हणाला असता, बघा मॅडम, काच नीट धुतलेली असली की येतो. टीप तशीच राहिली असती, तिच्या नावासकट.

तिने ट्रेमधली पिपेट त्याच्या हातात ठेवली.

हर्षदने रबरी फुगा दाबला आणि सोडला. द्रावण काचेत चढलं, पाण्यासारखं स्वच्छ. एक श्वास. दोन श्वास. टोकापाशी धुकं धरलं, धुक्याच्या सुया झाल्या, आणि बघता बघता निम्मी पिपेट पांढऱ्या सुयांनी भरली. त्याने फुगा दाबला. टोकातून थेंब पडला नाही.

रत्नप्रभाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय हो?"

"घाण, मॅडम. काच हीच धुते. मी तर रिपोर्टमध्ये लिहिलंच होतं."

संघमित्रा याच वाक्याची वाट बघत होती. तिने त्याच्या बोटांतून पिपेट काढून घेतली, एका रिकाम्या परीक्षानळीत सोडली आणि ती नळी बाटलीशेजारी पन्नास अंशांच्या पाण्यात उभी केली.

"मॅडम, तुम्ही फक्त बघत राहा."

सुया बारीक होत गेल्या, तुटल्या, नाहीशा झाल्या. काच आरपार दिसू लागली.

"घाण असती तर राहिली असती ना?" संघमित्रा म्हणाली. "गार काचेला लागलं की विरघळलेलं परत बाहेर येतं आणि आतच अडकतं. तोलायला कमी पोचतं, मग आकडा कमी येतो. म्हणून मी गरम करून घेते."

रत्नप्रभाबाई हर्षदकडे वळल्या. "तुम्हाला एवढं ठाऊक नाही?"

"अगं, मग आधी बोलायचंस ना!" हर्षद संघमित्रावर हसला.

"विचारलं होतं, सर. आत्ताच."

"होय, मी ऐकलंय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

हर्षदचं हसू ओठांवर अर्धवट राहिलं. तो ओव्हनकडे निघाला. "चला, काही हरकत नाही. गरम घेऊन करू. पाच मिनिटांत होईल, मॅडम."

संघमित्रा सरकली आणि ओव्हनच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आधी हे पुरं करू ना, सर. जुना आकडा कशाने चुकला, ते आता रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. आणि एकदा घेतलेलं आपण कागदावर मांडत नाही. तीनदा घ्यावं लागतं."

"संघमित्रा, बस झालं हं आता."

"नियम आहे, सर."

रत्नप्रभाबाईंनी पायाने स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या. "मला घाई नाही. होऊ दे तीनदा."

हर्षदचे कान लाल झाले होते. काचेच्या भिंतीपलीकडे दोघं-तिघं आपली कामं टाकून उभे होते. संघमित्राने त्यांना पाहिलं, आणि ट्रेमधून सगळ्यांत गार पिपेट बोटांनी चाचपून शोधली.

"दुसरी, सर," ती त्याच्या हातात देत म्हणाली. "सावकाश."