हललेले फोटो

पहिला कॅमेरा घ्यायचा म्हणून ती दादालाच दुकानात घेऊन गेली. लग्नांचे फोटो काढण्यात दादाचं नाव होतं, आणि त्याच्या मागे लाइट धरता धरताच तिला हे वेड लागलं होतं. तिला आवडलेला कॅमेरा दादाने बाजूला सारला आणि दुसरा तिच्या हातात दिला. “शिकायला हाच उत्तम.” दादाच्या शब्दाबाहेर ती नव्हतीच.

पण लग्नाच्या हॉलमध्ये काढलेला तिचा एकेक फोटो हललेला यायचा. “हात स्थिर असावा लागतो, आणि तो उपजतच असतो,” दादा मायेने म्हणाला. “लाइट मात्र तुझ्यासारखा कुणी धरत नाही.” वर्षभर जीव तोडून धडपडल्यावर तिने कॅमेरा कपाटात टाकला आणि पुन्हा लाइट धरू लागली.

परवा स्टुडिओत फोटो काढून घ्यायला आलेल्या बाईंनी दादाला मोबाइलवर नेमका तिच्या कपाटातलाच कॅमेरा दाखवला. “मुलीला पहिलाच घ्यायचाय. हा चालेल?”

“हा मुळीच घेऊ नका,” दादा म्हणाला. “हॉलच्या उजेडात यात कुणाचेही फोटो हलतात.”

मग मागे न बघताच तो तिला म्हणाला, “लाइट हलतोय गं. नीट धर.”