कारल्याचा पैलवान

मुकुंदरावांच्या मुलाचा, केदारचा, लहानपणचा खेळ माळ्यावर सापडला आणि हैदराबादेतल्या तारनाक्याच्या त्या घरात रोज संध्याकाळी कुस्त्या सुरू झाल्या. यंत्र तळहातात मावणारं, पण करामत अशी, की कुठल्याही पुड्यावरचा बारकोड कापून फटीतून सरकवला की पडद्यावर पैलवान उभा राहायचा. ज्या मालाचा बारकोड, त्याचा पैलवान ठरलेला. दहादा सरकवा, तोच येणार.

मुकुंदरावांचा पैलवान आठवडाभर कुणाकडून हरला नव्हता.

"कुठून आणलात हो एवढा दांडगा?" त्रिवेणीबाईंनी विचारलं.

"कारल्याच्या रसाच्या बाटलीवरचा आहे!"

खरं तर तो उस्मानिया बिस्किटांच्या पुड्यावरचा होता. मुकुंदरावांना मधुमेह निघाला त्याच दिवशी बाईंनीही नवऱ्याच्या सोबतीला म्हणून गोड सोडलं होतं, आणि हे महाशय गच्चीवर जाऊन बिस्किटं हाणत होते. बायकोचा भोळा चेहरा आठवून घास घशात अडकायचा, तरी खाली उतरायचाच.

"आज माझ्याकडेही नवा आहे हो. ओट्सच्या पुड्यावरचा!" म्हणत बाईंनी पट्टी सरकवली.

 

मुकुंदरावांच्या पैलवानासमोर हुबेहूब मुकुंदरावांचाच पैलवान शड्डू ठोकून उभा राहिला.