कुणी मागतच नाही

“राग येतो का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मावशी बघतच राहिली. खानावळीत भांडी घासून घासून तिच्या हातांची सालटं निघालेली, बोटांच्या भेगांतून पाणी वाहतंय, आणि ही बया विचारते राग येतो का!

“होमिओपॅथीत विचारावं लागतं, मावशी. तहान किती, स्वप्नं कसली, राग येतो का. त्यावरून औषध ठरतं.”

“येतो ना! न यायला मी काय दगड आहे? खाली औषधाच्या खिडकीवरचा म्हणाला, मलम संपलंय, वर जाऊन साखरेच्या गोळ्या खा. हसत म्हणाला मेला! लिफ्ट म्हणे स्टाफची. तीन जिने चढले. मालक म्हणतो, सोमवारी हात बरे दिसले तर ये, नाहीतर दुसरी बघतो. शेजारणीला तुमच्याच गोळ्यांनी गुण आला, म्हणून आले. बाहेरचा डॉक्टर परवडता तर इथे सरकारी दवाखान्यात झक मारायला आले असते का?”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. उठून कपाट उघडलं. बाटल्यांच्या रांगाच रांगा. त्यांनी एक काढून उलटी केली. थेंब पडला नाही. दुसरीही तशीच.

“मग एवढं विचारलंत कशाला?”

“सवयीनं. आडातच नाही, मावशी, पोहऱ्यात कुठून येणार? मागून मागून तोंड दुखलं माझं. खालचे मोठे साहेब म्हणतात, होमिओपॅथी कुणी मागतच नाही.”

“मागत नाही?”

मावशीनं दाराबाहेर पाहिलं. बाक माणसांनी गच्च भरला होता. जागा नाही म्हणून जिन्यावरही बसलेली. एका दमेकरी आजोबांची धाप अजून खाली बसली नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तरातरा जिने उतरली. शिपाई “अहो, अहो” करेपर्यंत साहेबांच्या खोलीत शिरलीसुद्धा. साहेब चहा पीत होते.

“काय पाहिजे?”

तिनं हातांना गुंडाळलेली फडकी सोडली आणि दोन्ही पंजे टेबलाच्या काचेवर पसरून ठेवले. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

“वर विचारलं मला, राग येतो का म्हणून. म्हटलं, तुम्हालाच दाखवावा,” मावशी म्हणाली. “कुणी मागत नाही म्हणता ना? मी मागतेय.”

“बाई, तुम्ही एकट्या...”

दारात आजोबांची छाती घरघरली. वरचा अख्खा बाक खाली उतरला होता.